जैवचिन्हक, दर्शक की नुसती खूण?

तिरफळ: एका इस्पितळासाठी रुग्णांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, दोन्ही आतड्याचे जुनाट आजार. जुलाब, पोटदुखी, वजन उतरणं दोन्हीकडे. लघवीतल्या 'बायोमार्कर'वरून, म्हणजे आजाराचा सुगावा देणाऱ्या पदार्थांवरून, ते वेगळे ओळखता येतात का, असा विषय. मी 'जैवचिन्हके' लिहिलं. तपासणाऱ्याने शेजारी लाल पेनाने 'म्हणजे?' एवढंच लिहून परत पाठवलं. राग आला, पण पटलंही. काय लिहू? सोमवारी द्यायचंय.

खडूपाटी: शाळेत लिटमसला 'दर्शक' म्हणायचो. लघवीतले दर्शक पदार्थ. झालं काम.

बोरूबहाद्दर: याहून नेमका शब्द घरात पडून आहे: व्यवच्छेदक लक्षण! दोघांतला भेद दाखवतं ते व्यवच्छेदक. गाईला वशिंड, म्हशीला नाही.

गोठेवाला: जर्सीला कुठंय वशिंड?

परीक्षानळी: जर्सीवाला मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मी लॅबमध्ये काम करतो. एक तर रुग्णाला 'लक्षण' म्हणजे ताप-खोकला. दुसरं, व्यवच्छेदक फार ठाम झालं. २००९ साली लंडनच्या संशोधकांनी एनएमआरने (रेणू ओळखायचं चुंबकीय तंत्र) लघव्या तपासल्या, तेव्हा क्रोन्सच्या गटात हिप्प्युरेट नावाचं द्रव्य सर्वांत कमी निघालं. पण हे हिप्प्युरेट होतं कसं? फळं-भाज्या, चहा यांतल्या द्रव्यांपासून आतड्यातले जीवाणू बेंझोइक आम्ल करतात, यकृत त्याला ग्लायसीन जोडतं. म्हणजे खाणं बदललं, अँटिबायोटिक घेतलं, की आकडा हलला. गटागटांत फरक दिसतो, एकट्या माणसाची बाटली बघून छातीठोक सांगता येत नाही. म्हणून 'खूण' म्हणा, किंवा सरळ बायोमार्कर.

बोरूबहाद्दर: सरळ इंग्रजी! मग हिप्प्युरेट तरी का सोडता?

परीक्षानळी: ते ग्रीक आहे. हिप्पोस घोडा, ऊरॉन मूत्र. लीबिगला घोड्याच्या मुतात सापडलं, १८२९मध्ये नाव दिलं.

बोरूबहाद्दर: मग अश्वमूत्राम्ल. अर्थ लगेच कळतो.

तिरफळ: कळतो म्हणूनच रुग्ण पत्रक टाकून पळेल.

माजघर: आमच्या आजीला हे सगळं एकच, संग्रहणी. ताक-भात आणि सुंठ.

परीक्षानळी: आजीचं एकवेळ चाललं असतं. आपल्याकडे खरा घोळ क्रोन्स की आतड्याचा टीबी, हा. दुर्बिणीतून दोन्हीकडे व्रण दिसतात. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी उसळतो. उलट झालं तर क्रोन्सचा माणूस महिनोन् महिने एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, खात बसतो.

तिरफळ: पत्रकात टीबी नाहीये हो. बरं, 'मूत्र' की 'लघवी'?

खडूपाटी: लघवी. मूत्र फक्त पिंडापुढे.

गोठेवाला: आमच्याकडे इरागत. 'इरागतीला जाऊन येतो.' फरागतचाच अपभ्रंश, मोकळं होणे.

माजघर: मुळीच नाही. अरबीत इराक़त म्हणजे ओतणे, सांडणे. फ कुठे गेला मग?

गोठेवाला: गेला इरागतीला.

बोरूबहाद्दर: थट्टा पुरे. लघवी तरी शुद्ध आहे का? 'लघ्वी', लघुशंकेतली. मूळ संस्कृतच.

माजघर: मग 'मूत' कुठून आलं, आकाशातून? तेही मूत्रच की. एक सोवळ्यात, एक ओवळ्यात.

तिरफळ: मी सध्या 'लघवीतल्या खुणा (बायोमार्कर)' असं लिहितेय. कुणाला फार खटकतंय का?

गोठेवाला: माजघर, फ-चं उदाहरण उद्या देतो. धार काढायची वेळ झाली.