पार्किन्सन्ससाठी गोळ्यांऐवजी खाजकुइलीचे चूर्ण चालेल का?

प्रश्न: माझे सासरे पार्किन्सन्ससाठी लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या घेतात. खाजकुइलीच्या बियांत तेच औषध असल्याने गोळ्या थांबवून चूर्ण द्यावे, असे नातेवाईक सुचवत आहेत. हे योग्य ठरेल का?

उत्तर १: बियांत लेव्होडोपा असते हे खरेच आहे, भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच ते त्यांतून वेगळे केले होते. मात्र मेंदूत पोहोचण्यापूर्वीच त्याच्या बऱ्याच भागाचे डोपामिन (पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारे रसायन) होते, त्याने मळमळ होते, आणि हे रोखणारे कार्बिडोपा चूर्णात नसते. शिवाय बियांतील प्रमाण बदलते, त्यामुळे चमच्याने मोजलेली मात्रा भरवशाची नसते. गोळ्या अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. कृपया तसे करू नका.

उत्तर २: तरीही या वनस्पतीला कमी लेखू नये. लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक वेळ टिकला. अर्थात, त्याने या आजारात होणारा मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबतो असे सिद्ध झालेले नाही. चूर्ण घ्यायचेच असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य या दोघांनाही आधी सांगावे, कारण गोळ्यांच्या जोडीने घेतल्यास लेव्होडोपाची मात्रा नकळत वाढते.