किल्ल्याची माती आणि मोबाईल

बरेच जण म्हणतात की मोबाईल बंदच करा, तरच हाताला काहीतरी करायचं सुचतं. मला हे अर्धंच पटतं. आमच्या बेळगावात, वडगावला, दिवाळीत पोरं किल्ला करतात. यंदा लेकीनं राजगड धरला. आधी चार दिवस नुसते व्हिडिओ, मी वैतागलेच. पण माती कालवायला बसली तेव्हा पद्मावती, सुवेळा, संजीवनी, गडाच्या तिन्ही माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे सपाट भाग) कुठल्या अंगाला उतरतात ते तोंडपाठ! संजीवनीची दुहेरी तटबंदी मात्र तीनदा ढासळली. शेवटी जुनं किलतान, म्हणजे गोणपाट, चिखलात बुडवून लावलं, तेव्हा थांबली. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

माझंच बघा. रांगोळीचे ढीगभर नमुने सेव्ह केलेत, दारात रोज तेच ठिपके. आता ठरवलंय, बघितलेला काढल्याशिवाय पुढचा बघायचा नाही. कालची वाकडी आली.