फाट्यावरचं डावं वळण: उसाचे ट्रक आणि शाळेच्या सायकली

फाट्याजवळचा
नमस्कार मंडळी. सांगली–आष्टा रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रक आणि जोड-ट्रॉलीचे ट्रॅक्टर डावीकडे आत वळतात. त्याच वेळी शाळेची पोरं सायकली घेऊन सरळ निघालेली असतात. ग्रामपंचायत, वाहतूकदार आणि शाळा यांची बैठक ठरली आहे. "सावकाश चालवा" एवढं सांगून भागणार नाही, हे सगळ्यांना कळतंय. गाड्यांवर नेमकं काय बसवून घ्यायचं आणि फाट्यावर काय करून घ्यायचं? मापासकट सांगितलंत तर बैठकीत तसंच मांडता येईल.

चॅसी_आणि_हौदा
आधी साईड गार्डचं, म्हणजे गाडीच्या बाजूला चाकांच्या मधे बसवायच्या आडव्या पट्ट्यांचं सांगतो, कारण तो गावातल्या गावात होतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. शेजारचा सायकलवाला हौद्याला (माल भरायच्या भागाला) घासून पडतो आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेतून आत जातो. ती जागा बंद करायची, एवढंच गार्डचं काम.

भारतीय मानक आयएस १४६८२ याच कामाचं आहे. मागच्या गार्डसाठी आयएस १४८१२. बाजूच्या गार्डची मापं लिहून घ्या, सगळी रिकाम्या गाडीवर घ्यायची: खालची कड जमिनीपासून ५५० मिमीच्या वर नको. दोन पट्ट्यांमधली फट ३०० मिमीच्या आत. वरची कड हौद्याच्या तळापासून ३५० मिमीपेक्षा खाली नको. पुढचं टोक पुढच्या टायरपासून आणि मागचं टोक मागच्या टायरपासून ३०० मिमीच्या आत.

हौद्याचा तळ १२५० मिमीवर असेल तर १०० × ५० × ३ मिमीच्या बॉक्स पाईपच्या दोन पट्ट्या पुरतात. खालची ५०० ते ६०० वर, वरची ८५० ते ९५० वर. मधली फट २५० राहते, वर ३०० उरतात. सगळं मापात बसतं. पाईपचं वजन मीटरला पावणेसात किलोच्या आसपास. दोन्ही बाजू ब्रॅकेटसकट सव्वाशे-दीडशे किलोत होतात. कित्येक टन ऊस ओढणाऱ्या गाडीला एवढं वजन जड नाही.

आता चुकतं कुठे ते. ब्रॅकेट चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) वेल्डिंग करतात. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर ना वेल्डिंग करायचं ना भोक पाडायचं, तिथूनच चीर जाते. ब्रॅकेट क्रॉस-मेंबरला (चॅसीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीला) किंवा चॅसीच्या उभ्या बाजूवरच्या तयार भोकांत बोल्टने बसवा, साधारण मीटर-सव्वा मीटरवर एक. दुसरी चूक, खडकाळ पाणंदीत घासतं म्हणून गार्ड ७०० मिमीवर चढवतात. खाली पडलेलं माणूस मग त्याच्या खालून सरळ आत जातं. गार्ड असून नसल्यासारखा. तिसरी सगळ्यात जास्त दिसते: पासिंगला गार्ड लावतात आणि नंतर सोडून ठेवतात, कारण स्टेपनी काढायला, ग्रीसिंग करायला अडचण होते. त्यावर इलाज सोपा आहे. वरच्या बाजूला बिजागरी, खाली पिन आणि पिनेला साखळी. गार्ड उचलून धरला की काम होतं. डिझेल टाकी, स्टेपनीचा पिंजरा गार्डच्या रांगेत येत असतील तर त्यांनाही गार्डचाच भाग धरता येतं.

मजबुतीचं माप असं: आडवा साधारण १०० किलोचा जोर दिला तर मागच्या २५० मिमीत पट्टी ३० मिमीपेक्षा जास्त दबू नये, बाकी ठिकाणी १५० पर्यंत चालतं. ऊस भरणारी माणसं पट्टीवर पाय देऊन चढणारच, तेव्हा पातळ पत्रा नकोच.

क्लिनर_साईड
गार्ड हवाच. पण पुढच्या चाकाखाली येणाऱ्याला तो वाचवत नाही. तिथे ड्रायव्हरला दिसणं महत्त्वाचं. साधं गणित बघा. ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून २.४ मीटर, डावा दरवाजा त्याच्यापासून २ मीटर आणि त्याच्या काचेची खालची कड १.९ मीटरवर. म्हणजे नजर दर मीटरला २५ सेंमी खाली उतरते. सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी, १.२ मीटर उंचीचं पोर दरवाजापासून २.८ मीटर लांब गेल्यावर त्याचं डोकं दिसायला लागतं. त्याच्या आत सगळं आंधळं.

बैठकीच्या दिवशी हे करून दाखवा. ट्रक उभा करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ठोकळा लावलेला. ड्रायव्हर सीटवर. एकाने १.२ मीटरची काठी उभी धरून गाडीभोवती फिरायचं, टोक दिसलं की जमिनीवर खडूची खूण. आधी आरसे झाकून, मग आरसे उघडून. दोन रेघांत किती फरक पडतो ते गाडीमालकाला डोळ्यांनी दिसेल.

मग करायचं काय? डाव्या दरवाजावर खाली बघणारा बहिर्गोल आरसा, जमिनीपासून २ मीटरच्या वर, म्हणजे कुणाच्या डोक्याला लागणार नाही. त्याच्या जोडीला रुंद कोनाचा आरसा. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातले स्टिकर, गोंडे, डॅशबोर्डवरचं सामान काढून टाका. पोराचं डोकं दिसायचं असतं ते नेमकं त्याच कोपऱ्यातून. देवाचा फोटो वर मधोमध लावला तरी चालतो. दरवाजाच्या खालच्या भागात काच बसवता येत असेल तर आरशापेक्षा ती बरी. काचेतून थेट दिसतं. आरसा हलतो, धुळीने भरतो.

कॅमेरा घेणार असाल तर ९ ते ३६ व्होल्टवर चालणारा घ्या, ट्रकची लाईन २४ व्होल्टची असते. पडदा डाव्या आरशाच्या दिशेला लावा, म्हणजे नजर दोनदा फिरवावी लागत नाही. खांब, कुंपण, काहीही आलं की बोंबलणारा सेन्सर घेऊ नका, आठवड्यात ड्रायव्हर त्याची वायर काढतो. लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकला केबिनमधून थेट किती दिसतं यावर तारे देतात. २८ ऑक्टोबर २०२४ पासून तीन तारे तरी हवेत, नाहीतर ठरवून दिलेली जादा सुरक्षा साधनं बसवावी लागतात. आपल्याकडे कारखान्याच्या वाहतूक करारात आरशांची अट घालायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

आखणी_आणि_उतार
रस्त्याचं सांगतो. कोपऱ्याची त्रिज्या १५ मीटर असेल तर गाडी २४ किमीच्या आसपास वेगाने आरामात वळते. तीच ६ मीटर केली तर वेग १५ वर येतो. पण मोठा ट्रक ६ मीटरमध्ये वळणार नाही. म्हणून आतल्या बाजूला ५० ते ७५ मिमी उंचीचा खडबडीत दगडी पट्टा करतात. मोटारी तो टाळून घट्ट वळतात, ट्रकची मागची चाकं त्यावरून जातात. पट्टा दिसायला फूटपाथसारखा नको, नाहीतर माणसं त्यावरच उभी राहतील. वेगळ्या रंगाचा दगड वापरा, उभं राहायची जागा त्याच्या मागे.

सायकलींची थांबायची रेघ गाड्यांच्या रेघेपुढे ३-४ मीटर. सिग्नल नसेल तर रेघेवर भिस्त नको. मग ओलांडायची जागाच कोपऱ्यापासून ५-६ मीटर आत घ्या. तिथपर्यंत ट्रक वळून सरळ झालेला असतो आणि पोर त्याच्या पुढच्या काचेसमोर येतं.

गतिरोधक अंदाजाने घालू नका. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलवा, २५ किमी वेगासाठी. अरुंद उंचवट्यावर ट्रॉली आदळते आणि ऊस रस्त्यावर सांडतो. सांडलेल्या उसावरून सायकल घसरते, ती मागच्या गाडीपुढे.

अजून एक. रांगेत थांबलेली उसाची वाहनं साईडपट्टीवर उभी राहिली की सायकली डांबरावर येतात. रांग कारखान्याच्या आवारातच लागली पाहिजे. शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी अर्धा-अर्धा तास अवजड वाहतूक थांबवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. रस्त्याच्या आखणीतल्या हलगर्जीपणाला २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलंय, एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात उल्लेख करा.

फाट्याजवळचा
सगळ्यांचे मनापासून आभार, खडूच्या रेघांचं नक्की करतो. ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉलीचं काय? त्यांना तर आरसेही नसतात.

चॅसी_आणि_हौदा
ट्रॉलीत धोका दोन ठिकाणी. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधल्या दांड्याची मोकळी जागा, आणि दोन ट्रॉल्यांमधली तशीच जागा. वळताना मागची ट्रॉली पुढचीपेक्षाही आत कापते, म्हणून दुसरी ट्रॉली सगळ्यात वाईट. ट्रॉलीच्या बाजूंना वरच्याच मापाचा गार्ड लावा. दांड्याच्या जागेत मात्र पक्का पाईप नको, वळताना मोडतो. दोन्हीकडे कडीला अडकवलेला जाड कन्व्हेअर पट्टा बसवा, वळताना तो दुमडतो. दांड्याच्या पिनेला क्लिप आणि वेगळी सुरक्षा साखळी दोन्ही हव्यात.

ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर लांब दांड्याचा आरसा येतो, पण ऊस ट्रॉलीबाहेर लटकत असेल तर आरशात फक्त वाढं (उसाचे हिरवे शेंडे) दिसतं. म्हणून भरणी फळीच्या आत. बाहेर आलेल्या मालाला तसाही कलम १९४ खाली वीस हजारांचा दंड आहे.

रात्रीसाठी मागे लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी. ती हौद्याच्या पत्र्यावर लावाल तर वाढ्याने झाकते. मागच्या गार्डच्या पाईपवर लावा, आणि चिखल बसतो म्हणून दर खेपेला ओल्या फडक्याने पुसा. मागचे दिवे भरताना फुटतात, तेव्हा सोडवता येणाऱ्या पट्टीवर बसवा आणि ट्रॉली भरून झाल्यावर प्लग लावा.