रीसेल फ्लॅट, दोन एजंट आणि सही केलेला व्हिजिट फॉर्म : सल्ला हवा आहे (पुणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला भाड्याने राहतो. चार महिन्यांपासून कर्वेनगर-वारजे भागात रीसेलचा टूबीएचके बघतोय. पहिलंच घर आहे, दोघांचीही आयुष्यभराची बचत त्यात जाणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या एजंटने दोन शनिवारी मिळून अकरा फ्लॅट दाखवले. त्यातला एक आम्हाला मनापासून आवडला. तिसरा मजला, दोन्हीकडून हवा, भाव ७२ लाख. तो बघायला आत जाण्याआधी त्याने एका फॉर्मवर सही घेतली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की सहा महिन्यांत हा फ्लॅट कुणाहीमार्फत घेतला तरी दलाली त्यालाच द्यायची. दलाली २ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार, आणि मालकाकडूनही तो तेवढीच घेणार आहे. भाव कमी करायचं म्हटलं की "मालक ऐकणार नाहीत" एवढंच उत्तर मिळतं. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) यांच्या झेरॉक्स मागितल्या, तर म्हणाला आधी ५१ हजार टोकन, म्हणजे इसार द्या, मग कागद.

दुसऱ्या एजंटबाई शेजारच्या काकूंनी सुचवल्या. त्यांनी दोनच घरं दाखवली. त्यातल्या एका सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन-इमारत अजून सोसायटीच्या नावावर नाही, हे आम्ही न विचारताच सांगितलं. आधी बँकेकडून कर्ज किती मंजूर होतं ते बघून या म्हणाल्या. घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, आणि व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या रकमेतून कापायचा आयकर) आपणच कापून भरायचा असतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. दलाली १ टक्का. आमचा विश्वास यांच्यावर बसलाय, पण आवडलेलं घर त्यांच्याकडे नाही.

महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) साइटवर दोघांचीही एजंट म्हणून नोंदणी सापडली. पण ती नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी असते. आम्हाला आवडलेल्या फ्लॅटची इमारत २००४ ची, सोसायटी झालेली, त्यामुळे तिचा इथे कितपत उपयोग?

ज्यांनी अलीकडे रीसेलचा व्यवहार केलाय त्यांनी कृपया सांगा, तो फॉर्म खरंच बांधून ठेवतो का? आवडलेल्या घरासाठी पहिल्यालाच धरून कागद तपासायला स्वतःचा वकील लावला तर पुरेसं होईल का? दोन्हीकडून दलाली घेणाऱ्या माणसाकडून तुम्ही भाव कसा कमी करून घेतलात? आणि टोकन द्यावंच लागलं, तर पावतीवर काय लिहून घ्यावं, म्हणजे सर्चमध्ये (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत) काही निघालं किंवा कर्ज नामंजूर झालं तर पैसे परत मिळतील?

रविवारपर्यंत पहिल्या एजंटला उत्तर द्यायचं आहे.