ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) चेकलिस्टसाठी सगळ्यांना सोबत कसं घ्यायचं? मदत हवी आहे
नमस्कार, मी छोट्या हॉस्पिटलमध्ये ओटी सिस्टर आहे. डब्ल्यूएचओची २००८ ची १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आमच्याकडे नुसती ऑर्डर काढून लावली, आणि आता केस संपल्यावर कोणीतरी एकजण बसून सगळे टिक मारून टाकतो. खरंतर भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि पेशंटला बाहेर न्यायच्या आधी असं तीनदा थांबून मोठ्याने बोलायचं असतं, तेच होत नाही, मला फार काळजी वाटते. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर सगळ्यांनी मिळून आपल्या ओटीपुरता फॉर्म बनवला तर वापरतील असं वाटतं, तशी मुभा आहेच. पण सिनियर सरांना त्यासाठी बसवायचं कसं? आणि मॉप काउंट (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला वापरलेल्या कापडी घड्यांची मोजणी) जुळत नाहीये हे ज्युनियर सिस्टरने न घाबरता बोलावं म्हणून तुमच्याकडे काय केलंत? प्लीज सांगा.