अनुभव धागा: प्रोग्रॅम आपल्या फायली कुठे ठेवतात? काय पुसावं, काय जपावं?

नवा संगणक आला की जुन्यावरून डॉक्युमेंट्स, फोटो आणि डेस्कटॉप उचलला जातो. मेल, शब्दकोशात भरलेले शब्द, ब्राउझरचे बुकमार्क मात्र मागेच राहतात, कारण प्रोग्रॅम ते आपल्या सोयीच्या, बहुतेकदा लपवलेल्या जागी ठेवतात. कोणता प्रोग्रॅम काय कुठे ठेवतो, त्यातलं काय पुसलं तरी परत तयार होतं आणि काय गेलं की गेलंच, हे पक्कं ठाऊक असणाऱ्यांनी लिहा. लॅपटॉप कसा बुडाला याचे किस्से नकोत. पत्ता, पायरी आणि काय बिघडतं, एवढंच. नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थात रोमनमध्ये करायची.

खिडकीवाला

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चौकटीत %ॲपडेटा% लिहा. उघडतं ते रोमिंग, म्हणजे तुमच्या खात्याच्या लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरातला एक कप्पा. %लोकलॲपडेटा% लिहिलंत तर लोकल. तिसरं लोकललो, तिथे सहसा जावं लागत नाही. मूळ कल्पना अशी की माणसाबरोबर हिंडायचं ते रोमिंगमध्ये आणि त्या यंत्रापुरतं ते लोकलमध्ये. ऑफिसात रोमिंग प्रोफाइल चालू असेल तर लॉग-ऑफ करताना हे फोल्डर सर्व्हरवर चढतं आणि लॉग-इनला उतरतं. एखाद्या प्रोग्रॅमने तिथे दोन-चार जीबी टाकले की सकाळी लॉग-इन होईपर्यंत चहा पिऊन होतो.

पण 'लोकल म्हणजे कचरा' असं धरून चालू नका. क्रोमचं सगळं बिऱ्हाड लोकलमध्येच असतं: गूगल, क्रोम, युजर डेटा, डीफॉल्ट. बुकमार्क तिथल्या बुकमार्क्स नावाच्या फायलीत असतात. तिला एक्स्टेन्शन (नावामागची शेपटी) नसतं, त्यामुळे फालतू समजून उडवली जाते. पासवर्डची फाइलही शेजारीच असते, पण ती विंडोजच्या खात्याशी बांधलेली. दुसऱ्या यंत्रावर नुसती कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, ते आधी एक्सपोर्ट करावे लागतात.

खुशाल पुसा असं एकच ठिकाण सांगतो: %टेंप%. तेही रीस्टार्ट केल्यावर, कारण काही इन्स्टॉलर आपलं अर्धं काम रीस्टार्टनंतरसाठी तिथे ठेवतात. पुसताना 'फाइल वापरात आहे' आलं तर स्किप.

आणि सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या इन्स्टॉलर या लपवलेल्या फोल्डरला हात लावू नका. आकाराने मोठं दिसतं म्हणून लोक ते साफ करतात. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढे एखादा प्रोग्रॅम अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायला गेलात की तो मूळ एमएसआय फाइल (ज्यातून इन्स्टॉल झाला ती) मागत बसतो.

टपालहशील

फायरफॉक्स आणि थंडरबर्ड दोघांचं प्रोफाइल रोमिंगमध्ये असतं. हेल्प मेन्यूतल्या ट्रबलशूटिंग माहितीच्या पानावर 'ओपन फोल्डर' बटण आहे, शोधत बसू नका. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि इतिहास प्लेसेस.एसक्यूलाइटमध्ये. पासवर्डसाठी लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी ही जोडी लागते, एकटी फाइल निरुपयोगी.

प्रोग्रॅम चालू असताना कॉपी करू नका. एसक्यूलाइट म्हणजे डेटाबेसची फाइल; तिचे ताजे बदल आधी शेजारच्या 'वाल' शेपटीच्या फायलीत लिहिले जातात, मग मुख्य फायलीत जातात. नुसती मुख्य फाइल उचललीत तर ते ताजे बदल हुकतात.

थंडरबर्डमध्ये मेल डिलीट करून जागा सुटत नाही. प्रत्येक फोल्डर ही एकच लांबलचक मजकूर-फाइल असते आणि पुसलेल्या मेलवर फक्त खूण होते. फोल्डरवर उजवी क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच फाइल आटते. त्या वेळी नवी प्रत लिहिली जाते, त्यामुळे ८ जीबीच्या फोल्डरला जवळपास तेवढीच जागा मोकळी हवी. एमएसएफ शेपटीच्या फायली अनुक्रमणिकेच्या, पुसल्या तरी परत बनतात. तशाच नावाची बिनशेपटीची फाइल म्हणजे तुमचे मेल!

आउटलुकवाल्यांसाठी: ओएसटी शेपटीची फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत, पुन्हा उतरवता येते. पीएसटी ही बहुधा एकुलती एक प्रत असते.

अक्षरजुळारी

मराठीत काम करणाऱ्यांनी वर्डच्या तीन फायली जपाव्यात, तिन्ही रोमिंगमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात. टेम्प्लेट्समध्ये नॉर्मल.डॉटएम: तुमच्या स्टाइल आणि मॅक्रो. यूप्रूफमध्ये कस्टम.डिक: शब्दकोशात भरलेले शब्द, ओळीला एक. ही नोटपॅडमध्ये उघडता येते, पण सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-१६ एलई ठेवा. एएनएसआय निवडलंत तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. तिसरी ऑफिस फोल्डरमधली एसीएल शेपटीची फाइल, म्हणजे ऑटोकरेक्टची यादी. तिच्या नावात भाषेचा क्रमांक असतो: मराठीचा ११०२, अमेरिकन इंग्रजीचा १०३३. इंग्रजीच्या यादीत भरलेले शब्द मराठी म्हणून खूण केलेल्या मजकुरात चालत नाहीत, याचं कारण हेच.

वर्ड उघडताना अडखळू लागलं तर ते बंद करा आणि नॉर्मल.डॉटएमचं नाव बदला. नवी फाइल आपोआप तयार होते. जुनी लगेच पुसू नका, स्टाइल तिच्यातून परत घेता येतात.

लिबरऑफिसमध्ये रोमिंग, लिबरऑफिस, ४, युजर. त्यात वर्डबुकमध्ये शब्दकोश, ऑटोकॉरमध्ये सुधारणांची यादी. 'युजर'चं नाव बदललं की प्रोग्रॅम कोरा होतो, मग ही दोन फोल्डरं तेवढी परत टाकायची.

फॉन्टचं वेगळंच त्रांगडं आहे. २०१८च्या १८०९ आवृत्तीपासून विंडोज १० साधं 'इन्स्टॉल' दाबल्यावर फॉन्ट फक्त त्या खात्यापुरता, लोकलमधल्या मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्समध्ये टाकतं. काही जुन्या डीटीपी प्रोग्रॅमना तो दिसतच नाही. उजवी क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'.

रोजमेळ

टॅली (हिशोबाचा प्रोग्रॅम): कंपनी निवडायच्या यादीत नावाशेजारी आकडा दिसतो, तेच डेटामधल्या फोल्डरचं नाव. आतल्या फायलींची शेपटी जुन्या ईआरपी ९ मध्ये ९००, प्राइमच्या नव्या आवृत्त्यांत १८००. कंपनी सगळ्या यंत्रांवर बंद करून आख्खं फोल्डर उचला, सुटी फाइल कधीच नाही. नव्या आवृत्तीत रूपांतर झालेला डेटा जुनीत उघडत नाही, म्हणून अपग्रेडच्या आधीची कॉपी वेगळी ठेवा.

सफरचंदवाला

मॅकवर घरच्या फोल्डरातलं लायब्ररी २०११च्या लायनपासून लपवलेलं आहे. फाइंडरचा गो मेन्यू उघडून ऑप्शन दाबा, दिसेल. ॲप ट्रॅशमध्ये टाकलं तरी तिथलं सामान राहतं. कॅशेस पुसलेलं चालतं, ॲप्लिकेशन सपोर्ट आणि कंटेनर्स उघडून पाहिल्याशिवाय पुसू नका.

सगळ्यात जास्त जागा खातात ते आयफोनचे बॅकअप: ॲप्लिकेशन सपोर्ट, मोबाइलसिंक, बॅकअप. आतून एकेक फाइल काढलीत तर पूर्ण बॅकअप निकामी होतो. फाइंडरमध्ये फोन निवडून 'मॅनेज बॅकअप्स'मधून काढा.

खिडकीवाला

विंडोजवर (मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून न घेतलेलं) आयट्यून्स हाच बॅकअप रोमिंग, ॲपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंकमध्ये ठेवतं आणि सी ड्राइव्ह भरतं. आयट्यून्स बंद करा, बॅकअप फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा, मग जुन्या जागेवरून नव्या जागी नेणारा दुवा कमांड प्रॉम्प्टमध्ये करा:

एमकेलिंक /जे "जुना पत्ता" "नवा पत्ता"

जुन्या जागी त्याच नावाचं फोल्डर उरलं असेल तर कमांड चालत नाही. पेनड्राइव्हकडे किंवा काढ-घाल करायच्या डिस्ककडे असा दुवा देऊ नका.

मोहरा

आख्खं ॲपडेटा कॉपी करायचं तर रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरा, शेवटी /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ जोडा. एक्सजे नसेल तर लोकलमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचा दुवा आहे, तो परत लोकलकडेच नेतो आणि कॉपी स्वतःच्या शेपटीमागे फिरू शकते. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर अडलेल्या प्रत्येक फायलीसाठी रोबोकॉपी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतं. हिशोब तुम्हीच करा.

पाटी-पेन्सिल

अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॲपचं फोल्डर अँड्रॉइड, मीडिया यांच्या आत गेलंय. डेटाबेसेसमध्ये गेल्या ७ दिवसांपर्यंतचे बॅकअप असतात. जुन्या दिवसाचा हवा असेल तर नावातली तारीख, तिच्याआधीची आडवी रेघ आणि तिच्यानंतरचा '.१' काढून टाका, शेवटचा क्रिप्टचा आकडा मात्र होता तोच राहू द्या.