एमबीए करा, पण कधी?

"टेक कंपनीत वर जायचं तर एमबीए हवंच, नडेला आणि पिचाई यांनीही केलंय" हा मुद्दा मला अर्धाच पटतो. क्रम बघा ना. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला १९९२ मध्ये त्या कंपनीत लागले आणि नोकरी सांभाळून १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठाचं एमबीए पूर्ण केलं. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाईही आधी अप्लाइड मटेरियल्स या चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत काम करून मग एमबीएसाठी व्हॉर्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलला गेले. २००२ मध्ये पदवी, २००४ मध्ये गूगल.

ताळेबंद वाचणं, किंमत ठरवणं हे वर्गात चांगलं शिकवतात, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री २ वाजता सर्व्हर कोसळल्यावर आधी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत चढवायची की मूळ दोष शोधत बसायचं, हे केस स्टडी वाचून अंगवळणी पडत नाही. मी ते चुकत चुकतच शिकले, आणि त्या चुका पोटात घालणारे सीनियर भेटले हे माझं भाग्य.

त्यामुळे पदवी हातात पडल्या पडल्या कर्ज काढून एमबीएला जाऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. ३-४ वर्षं कोड लिहा, ग्राहकांशी बोला. पुढे हिशेबाच्या किंवा बाजाराच्या बाजूला खरंच अडायला लागलं, तर तेव्हा जरूर करा, शक्यतो नोकरी न सोडता.